ताशी तीन मैल : इंग्लंडच्या कालव्यांवर पहिल्यांदा नॅरोबोट घेऊन निघताना

सुट्टीपुरती भाड्याने घेतलेली नॅरोबोट चालवायला इंग्लंडमध्ये कुठलाही परवाना लागत नाही. कंपनीचा माणूस तासाभरात सगळं दाखवतो, किल्ली हातात देतो, आणि पन्नास-साठ फूट लांबीची, पंधरा-वीस टन वजनाची पोलादी बोट तुमच्या ताब्यात येते. अवघड असं त्यात काही नाही. पण त्या एका तासात इतकं काही कानावर पडतं की पहिल्या लॉकपाशी (बोटीला वरच्या-खालच्या पातळीला नेणाऱ्या पाण्याच्या दारांपाशी) पोचेपर्यंत निम्मं विसरलेलं असतं. ते निम्मं इथे आहे. इंग्लंडमध्ये राहणारी, किंवा मुलांकडे उन्हाळ्यात आलेली आणि दोन-तीन कुटुंबं मिळून बोट घेऊ पाहणारी मराठी मंडळी डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे.

१. बोट निवडताना

नॅरोबोट ६ फूट १० इंच रुंद असते, कारण अठराव्या शतकात बांधलेली अरुंद लॉक जेमतेम ७ फुटांची आहेत. लांबी ३० ते ७० फूट. आत सगळं एका ओळीत: बैठक, स्वयंपाकघर, न्हाणी, झोपायच्या जागा. एकाला दुसऱ्याच्या पुढे जायचं तर अंग चोरावं लागतं.

जाहिरातीत 'सहा जणांची बोट' लिहिलं असेल तर त्यातल्या दोन जागा बहुधा जेवणाचं टेबल रोज रात्री मोडून तयार करायच्या असतात. त्यामुळे सहा जणांची बोट चार जणांना सुखाची, असा हिशेब धरा. आजी-आजोबा बरोबर असतील तर कायमचा पलंग असलेली बोट मागा आणि आत उतरायच्या पायऱ्या किती उंच आहेत ते विचारा.

मागचा भाग तीन प्रकारचा असतो. 'ट्रॅडिशनल' मध्ये चालवणारा एकटाच उभा राहतो, 'क्रूझर' मध्ये मोठा उघडा डेक, आणि 'सेमी-ट्रॅड' मध्ये डेक मोठाच, पण दोन्ही बाजूंना भिंती. लहान मुलं असतील तर सेमी-ट्रॅड घ्या. गप्पा मारत सगळ्यांना चालवणाऱ्यापाशी बसता येतं आणि मुलं कडेला जात नाहीत.

२. मार्ग ठरवणं, आणि 'लॉक-मैल'

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. नकाशावर वीस मैल दिसतात आणि दुपारपर्यंत पोचू असं वाटतं. कालव्यांवरची वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ४ मैल आहे. प्रत्यक्षात उथळ पाणी, वळणं आणि काठाला बांधलेल्या बोटी धरून वेग ताशी ३ मैलांपेक्षा कमीच पडतो. प्रत्येक लॉकला पंधरा-वीस मिनिटं जातात.

बोटकरी वापरतात तो हिशेब सोपा आहे: मैल अधिक लॉक, भागिले तीन, म्हणजे तास. १८ मैल आणि १२ लॉक असतील तर ३० भागिले ३, म्हणजे १० तास. पहिल्या खेपेला दिवसाला पाच-सहा तासांपेक्षा जास्त धरू नका, आणि पाणी भरायला, दुकानात जायला, लॉकपाशी रांगेत थांबायला निदान एक तास वेगळा ठेवा.

हाच हिशेब 'फोर काउंटीज रिंग' या गोल फेरीच्या मार्गाला लावून बघा. साधारण ११० मैल, ९४ लॉक. म्हणजे ६८ तास, एका आठवड्यात रोज दहा तास. फोटो कितीही सुंदर असले तरी पहिल्या सहलीला गोल फेरी घेऊ नका. त्यात मागे वळता येत नाही, आणि एक दिवस पावसात गेला की उरलेले दिवस धावपळ. जाऊन त्याच वाटेने परत येणं यात कमीपणा काहीच नाही. उलट्या दिशेने कालवा वेगळाच दिसतो.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी तीन कालवे सुचवतो.

ॲशबी कालवा: २२ मैल, एकही लॉक नाही. १४८५ च्या बॉसवर्थच्या रणभूमीजवळून जातो. उणीव एवढीच की काठ उथळ आहेत, हवं तिथे बोट लावता येत नाही.

लँगॉलेन कालवा: सगळ्यांत लोकप्रिय, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये गर्दीचा. ग्रिंडली ब्रुकच्या वरच्या बाजूने निघालात तर लँगॉलेनपर्यंत न्यू मार्टनची दोनच लॉक लागतात. इंग्लंडमधून निघून तुम्ही वेल्समध्ये शिरता आणि वाटेत पाँटकिसल्टेचा जलसेतू ओलांडता. टेलफर्ड आणि जेसप या अभियंत्यांचा हा १८०५ मधला सेतू ३०७ मीटर लांब आहे आणि दरीच्या तळापासून ३८ मीटर उंच. पायवाटेच्या बाजूला कठडा आहे, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, लोखंडी पन्हाळाची कड तेवढी. तिथे सगळ्यांनी आत बसायचं किंवा पायवाटेने चालत जायचं. मुलांना बोटीच्या टपावर अजिबात नको. या कालव्याला नदीसारखा हलका प्रवाह आहे, कारण त्यातून हर्लस्टनच्या जलाशयाला पाणी जातं. म्हणून लँगॉलेनकडे जाताना बोट जड चालते आणि येताना वेळ कमी लागतो.

ऑक्सफर्ड कालव्याचा दक्षिण भाग: डोंगर फोडण्याऐवजी त्याला वळसे घालत जाणारा जुना कालवा. नॅप्टनच्या नऊ लॉकमध्ये हात बसतो, मग वर अकरा मैल एकही लॉक नाही. लॉक शिकायची असतील तर आमची पसंती याला.

नदीचे टप्पे पहिल्या खेपेला टाळा. पावसानंतर प्रवाह वाढतो, नांगर लागतो, आणि बंधाऱ्याजवळ चुकीला माफी नसते. मार्ग नक्की करण्याआधी कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टच्या संकेतस्थळावर त्या कालव्याच्या 'स्टॉपेज' (वाहतूक बंद असल्याच्या) सूचना बघा. २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग हीच संस्था सांभाळते. मोठ्या दुरुस्त्या ती हिवाळ्यात काढते. उन्हाळ्यात पाणी कमी असेल तर काही लॉकच्या वेळा बांधून दिलेल्या असतात.

३. कागदपत्रं आणि पैसे

- बुकिंग ज्याच्या नावावर आहे त्याचं फोटो असलेलं ओळखपत्र. भारतातून आलेल्यांनी पासपोर्ट.
- अनामत रकमेसाठी कार्ड.
- प्रवासविमा. कालव्यावरची बोट त्यात धरली आहे का, ते आधीच विचारा.
- सगळ्यांची नावं आणि वयं, लहान मुलांची वजनंही. लाइफजॅकेट वजनावरून देतात.

डिझेल भाड्यात धरलेलं आहे की वेगळं, हे बुकिंग करतानाच विचारा. इंजिन तासाला साधारण एक ते दीड लिटर डिझेल पितं. सोमवार ते शुक्रवार चार रात्रींची सहल पहिल्यांदा पुरेशी आहे. आठवडा नंतर घ्या.

४. काय न्यायचं

चाकाच्या कडक बॅगा नकोत. रिकामी बॅग ठेवायला बोटीत जागाच नसते, घडी होणाऱ्या पिशव्या आणा. पकड असलेले बंद बूट प्रत्येकाला हवेत. लॉकच्या कडेचे दगड शेवाळलेले असतात, चपला आणि सँडल तिथे घसरतात. रेनकोट जूनमध्येही. विंडलास (लॉकच्या झडपा उघडायची हातकळ) फिरवणाऱ्यांना हातमोजे. टॉर्च प्रत्येकी एक. मोबाइल चार्जर १२ व्होल्टवर चालणारा असला तर उत्तम.

स्वयंपाकाला गॅस असतो, त्यामुळे कुकर, तवा, कढई सगळं चालतं. वीज मात्र बॅटरीतून इन्व्हर्टरमार्फत येते. तो किती वॉटचा आहे ते विचारल्याशिवाय मिक्सर, इलेक्ट्रिक किटली, राईस कुकर लावू नका. वाटण घरून करून, गोठवून आणा. फोडणी देण्याआधी बाजूची खिडकी आणि झाकण उघडा. छत डोक्यावर एवढं जवळ असतं की मिरचीच्या पहिल्या ठसक्याला धुराचा अलार्म ओरडतो.

एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. भांड्यांचं आणि आंघोळीचं पाणी कुठल्याही टाकीत जात नाही, थेट कालव्यात पडतं. तिथे बदकं पोहत असतात. म्हणून तेलकट कढई आधी कागदाने पुसा, तळणीचं उरलेलं तेल बाटलीत भरून कचऱ्यात टाका, आणि साबण निसर्गात विरघळणारा वापरा.

५. ताबा घेताना

बहुतेक ठिकाणी दुपारी ताबा मिळतो. दोघांनी मिळून ऐका, एकाने सगळ्याचं मोबाइलवर चित्रण करून ठेवा. पुढच्या गोष्टी स्वतःच्या हाताने करून दाखवा म्हणावं, नुसत्या ऐकून घेऊ नका:

- इंजिन सुरू आणि बंद करणं. किल्ली बंद केल्याने इंजिन थांबत नाही अशाही बोटी आहेत, त्यांना वेगळी खेच-मूठ असते.
- रोज सकाळी तेलाची काडी आणि शीतक पाणी तपासणं.
- स्टर्न ग्लँडचा ग्रीसर. पंख्याचा (प्रोपेलरचा) दांडा बोटीबाहेर जातो तिथून पाणी आत येऊ नये म्हणून ग्रीस दाबायचं असतं. रोज संध्याकाळी, इंजिन बंद केल्यावर, मूठ घट्ट लागेपर्यंत फिरवा.
- वीड हॅच, म्हणजे पंख्यावरची झाकण असलेली खिडकी. तिच्याबद्दल पुढे.
- गॅसचा मुख्य कॉक, अग्निशामक, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. अलार्मचं बटण दाबून आवाज ऐका.
- संडास कोणत्या प्रकारचा. कॅसेट (काढता येणारी छोटी टाकी) असेल तर दर एक-दोन दिवसांनी तुम्हालाच 'एल्सन पॉइंट'वर रिकामी करायची असते. पंप-आउट (पंपाने उपसायची मोठी टाकी) असेल तर आठवडाभर सहसा बघावं लागत नाही. वासाला कचरणाऱ्यांनी बुकिंगच्या वेळीच पंप-आउट मागावा. दोन्हींत ओले टिश्यू टाकायचे नाहीत.

सामान मोजून घ्या: दोन विंडलास (तीन मिळाले तर घ्या, एक पाण्यात पडतोच), ट्रस्टची किल्ली (पाण्याचे नळ, सोयीच्या खोल्या आणि काही पूल तिनेच उघडतात, तिला बुचाचा तरंगणारा गोळा बांधलेला असावा), हातोडा, लोखंडी खुंट्या, पत्र्याच्या काठाला अडकवायचे हूक, लांब बांबू, फळी, होज पाइप, जीवरक्षक कडं.

६. चालवणं

रस्त्यावर डावीकडून, पाण्यावर उजवीकडून. समोरून बोट आली की तुम्ही उजवीकडे सरायचं, म्हणजे दोघांच्या डाव्या बाजू जवळून जातात. एरवी मधोमध चाला, खोल पाणी तिथेच असतं. समोरची बोट दिसताच काठाला पळू नका, रुतून बसाल. नाकं जवळ येईपर्यंत थांबा, थोडं सरा, आणि ती बोट निघून गेली की पुन्हा मध्यावर या.

सुकाणूचा दांडा उलटा चालतो. दांडा डावीकडे ढकलला की नाक उजवीकडे जातं. दहा मिनिटांत सवय होते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बोट मधल्या बिंदूभोवती फिरते. नाक उजवीकडे गेलं की शेपूट डावीकडे फेकली जाते. वळणावर आणि पुलाखाली नवखे नेमके शेपटीनेच आपटतात, कारण त्यांची नजर पुढे असते.

पंखा फिरत असेल तरच सुकाणू काम करतं. धडकायची वेळ आली की घाबरून न्यूट्रलला टाकलं तर बोट तिला हवी तशी जाते. आणि रिव्हर्समध्ये सुकाणू जवळजवळ निरुपयोगी असतं. ब्रेक नाहीतच. थांबायचं म्हणजे रिव्हर्स द्यायचा, आणि बोटीला थांबायला तिच्या एक-दोन लांब्या लागतात. त्या मधल्या काळात हातापायाने बोट काठापासून अडवायचा मोह होतो. ते कधीही करू नका. वीस टनांपुढे पाऊल म्हणजे काहीच नाही. बोट आपटली तर आपटू द्या, ती पोलादाची आहे.

मागे लाट फुटताना दिसली तर वेग जास्त आहे. उथळ पाण्यात जास्त रेस दिली की शेपूट खाली बसते, काठाची माती ढासळते, आणि बोट पुढे जाते ती आधीइतकीच. रेस कमी करा.

वळून परत फिरायला 'विंडिंग होल' असतात, कालव्याच्या एका काठात खणलेली त्रिकोणी खाच. उच्चार वाऱ्याच्या 'विंड'चा. नाक खाचेत घाला आणि शेपूट फिरवा. वारा असेल तर त्याच्या मदतीने, त्याच्या विरुद्ध नव्हे.

७. लॉक

लॉक म्हणजे दोन दारांमधली पाण्याची खोली. खोलीतलं पाणी वर-खाली केलं की बोट वर-खाली होते. दारांमध्ये किंवा काठाच्या जमिनीत झडपा असतात, त्यांना पॅडल म्हणतात. पॅडल विंडलासने फिरवून उचलायचं. सगळं काम पाणी करतं. दार जोर लावूनही उघडत नसेल तर पाण्याची पातळी अजून समान झालेली नाही, थांबा.

*वर चढताना*

लॉकच्या आधी थांब्यावर दोघांना उतरवा. लॉक रिकामं आहे का बघा. भरलेलं असेल तर आधी वरून कोणी येतंय का ते पाहा. येत असेल तर त्यांना येऊ द्या. एक अरुंद लॉक रिकामं झालं की लाखाहून जास्त लिटर पाणी खाली जातं, ते दोघांच्या उपयोगी पडू दे. कोणीच नसेल तर वरची पॅडल बंद असल्याची खात्री करून खालची उघडा.

रिकामं झालं की खालची दारं उघडा, बोट हळू आत. खालची दारं आणि खालची पॅडल बंद. मग वरच्या बाजूचं जमिनीतलं पॅडल आधी अर्धंच उचला. पाणी बोटीला पुढे-मागे ओढतं. चालवणाऱ्याने खूण केल्यावर बाकीचं उचला. दारातलं पॅडल शेवटी, त्याचं तोंड पाण्याखाली गेल्यावरच, नाहीतर धबधबा थेट पुढच्या डेकवर कोसळतो. बोटीचं नाक वरच्या दाराच्या आडव्या लाकडाखाली अडकत नाही ना, याकडे एकाची सतत नजर हवी. पातळी समान झाली की दार उघडा, बोट बाहेर, पॅडल खाली, दार बंद, आणि मगच पुढे.

*खाली उतरताना*

हेच उलट क्रमाने, पण धोका इथे जास्त आहे. वरच्या दाराच्या आत पाण्याखाली दगडी उंबरा असतो, चार-पाच फूट पुढे आलेला. भरलेल्या लॉकमध्ये तो दिसत नाही. पाणी उतरताना बोटीची शेपूट त्यावर टेकली तर नाक खाली जात राहतं, शेपूट वर अडकते, आणि बोट काही मिनिटांत बुडू शकते. लॉकच्या कडेला पांढरी रेघ आणि 'सिल' असं लिहिलेलं असतं. बोटीची शेपूट, सुकाणूसकट, त्या रेघेच्या पुढे ठेवा आणि पाणी पूर्ण उतरेपर्यंत तिथून हलू देऊ नका. चालवणाऱ्याने या वेळी फोटो, चहा, गप्पा काही करायचं नाही.

दोर कशालाही गाठ मारून बांधायचा नाही. पाणी खाली गेलं की बांधलेली बोट दोराला लटकते. खांबाला एक वेढा आणि टोक हातात, मनगटाभोवती गुंडाळलेलं नव्हे.

*बिघडलं तर*

चालवणाऱ्याने ओरडलं की पॅडलवरच्या माणसाने काही न विचारता पॅडल खाली करायचं. हे निघण्याआधीच ठरवा, आणि शब्दही ठरवा. "पॅडल बंद!" पुरे. उतरताना अडकली तर खालची पॅडल बंद करून वरची सावकाश उघडा, म्हणजे पाणी परत चढेल. चढताना अडकली तर वरची बंद, खालची उघडा.

विंडलास दांड्यावर तसाच ठेवून हात कधीच सोडू नका. पॅडल अडवून धरणारा खटका सुटला तर तो गरगरत उडतो आणि हाड मोडतो. पॅडल खाली करताना खटका उचलून धरा आणि फिरवत उतरवा. दार ढकलताना दाराच्या लांब तुळईला पाठ लावा, पायांनी जोर द्या. आणि बंद दारांवरून पलीकडे उड्या मारू नका, वळसा घाला.

*पायऱ्यांची लॉक*

काही ठिकाणी एका लॉकचं वरचं दार हेच पुढच्या लॉकचं खालचं दार असतं. चढायच्या आधी सगळ्यात खालचं रिकामं आणि वरची सगळी भरलेली हवीत. उतरायच्या आधी सगळ्यात वरचं भरलेलं आणि खालची सगळी रिकामी. हे चुकलं तर एक तर पायवाट पाण्याखाली जाते, नाहीतर बोट कोरड्यावर बसते. फॉक्स्टनला पाच-पाचच्या दोन पायऱ्या आहेत, तिथली पॅडल रंगवलेली आहेत: आधी लाल, मग पांढरं. ग्रिंडली ब्रुकला तीन लॉकची पायरी. दोन्हीकडे हंगामात लॉक-कीपर असतात. बोट खाली थांबवा, चालत जाऊन त्यांना भेटा, ते सांगतील तेव्हाच आत शिरा.

८. पूल आणि बोगदे

उचलायचे पूल काही विंडलासने, काही ट्रस्टच्या किल्लीने उघडतात. पूल पूर्ण उचलला गेल्याशिवाय बोट खाली नेऊ नका आणि बोट पूर्ण बाहेर येईपर्यंत उघडणाऱ्याने जागा सोडू नये. साध्या कमानीच्या पुलापाशी दोन बोटी समोरासमोर आल्या तर जी पुलाच्या जवळ आहे ती आधी. आंधळ्या वळणावर एक लांब भोंगा द्या.

बोगद्यात शिरण्याआधी पुढचा दिवा लावा, रेनकोट घाला (छत गळतं), सगळ्यांना आत बसवा, आणि चालवणाऱ्याने अंग टपाच्या रेषेच्या आत ठेवावं. ब्रॉन्स्टनच्या २,०४२ यार्डांच्या बोगद्यात समोरून बोटी येतात, तिथे हळू आणि उजवीकडे. हेअरकॅसलचा २,९२६ यार्डांचा बोगदा एकेरी आहे, तिथे कीपरच्या परवानगीनेच आत जायचं.

९. मुक्काम

टोपाथच्या, म्हणजे पायवाटेच्या बाजूला, मनाईची पाटी नसेल तर बहुतेक ठिकाणी १४ दिवसांपर्यंत फुकट थांबता येतं. गावाजवळच्या जागांवर २४ किंवा ४८ तासांच्या पाट्या असतात. लॉकचे थांबे, पाण्याचे नळ, विंडिंग होल, पूल, वळणं, इथे बोट बांधायची नाही. उन्हाळ्यात चांगल्या जागा चार वाजेपर्यंत भरतात, त्यामुळे दुपारीच थांबा.

लावताना नाक थोडं आत घेऊन अगदी सावकाश काठाकडे या, रिव्हर्सने थांबवा. उतरणाऱ्याने पाऊल टाकावं, उडी नको. पुढचा दोर पुढच्या दिशेला, मागचा मागच्या दिशेला, साधारण ४५ अंशांत. काठाला पत्र्याची भिंत असेल तर हूक, माती असेल तर खुंट्या, आणि खुंटीवर पांढरी पिशवी, म्हणजे अंधारात सायकलवाला अडखळणार नाही. दोर पायवाटेवर आडवा कधीच नको.

१०. सोबतचे बोटकरी

कालव्यावर पुष्कळ माणसं वर्षभर बोटीतच राहतात. ते त्यांचं घर आहे. म्हणून काठाला लावलेल्या बोटींपासून तीन-चार लांब्या आधीच रेस कमीत कमी करा आणि शेवटची बोट मागे पडेपर्यंत तशीच ठेवा. जोरात गेलात तर पाण्याच्या ओढीने त्यांच्या खुंट्या उपटतात, शेगडीवरचा चहा सांडतो. रात्री आठ ते सकाळी आठ मुक्कामात इंजिन चालू ठेवायचं नाही. गळ टाकून बसलेल्यांसमोरून हळू पण मधोमध जा.

लॉकवर दुसऱ्याची बोट असेल तर मदतीला जरूर जा, फक्त पॅडलला हात लावण्याआधी विचारा. चालवणारा तयार नसताना उचललेलं पॅडल मदत ठरत नाही. ग्रँड युनियनसारख्या रुंद कालव्यावर १४ फुटांच्या लॉकमध्ये दोन नॅरोबोटी शेजारी मावतात. मागून कोणी येत असेल तर पाच मिनिटं थांबा, पाणी निम्मं लागतं आणि काम वाटून होतं. पुढे पाण्याचा नळ कुठे बंद आहे, कुठे झाड पडलंय, ही खबर अशाच वेळी मिळते, कुठल्याही ॲपच्या आधी. समोरून येणाऱ्याला हात करा, तो करणारच. काठावर उभं राहून नुसतं बघत राहणाऱ्यांना इथे 'गाँगूझलर' म्हणतात. त्यांची मुलं तुळई ढकलायला उत्सुक असतात. पालकांसमोर ढकलू द्या, पाण्याच्या कडेला मात्र येऊ देऊ नका.

११. पाणी, ऊब आणि आजार

टाकी रोज किंवा एकाआड भरा. नळाच्या जोरानुसार अर्धा ते एक तास लागतो. गरम पाणी आणि बॅटरी दोन्ही इंजिनावर चालतात, त्यामुळे ज्या दिवशी बोट हलवणार नाही त्या दिवशीही ते दिवसा काही तास चालवावं लागतं.

एप्रिल-ऑक्टोबरच्या रात्री थंडी झोंबते, म्हणून कोणी दाराच्या खालच्या जाळ्या कापडाने बुजवतं. हे जिवावरचं आहे. त्या जाळ्या मुद्दाम उघड्या ठेवलेल्या असतात, कोळशाच्या शेगडीचा आणि गॅसचा कार्बन मोनॉक्साइड आत साठू नये म्हणून. थंडी वाजली तर आणखी एक पांघरूण घ्या. अलार्म वाजला तर सगळ्यांनी बाहेर.

कालव्याच्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोचे जंतू असू शकतात, मुंबईत पावसाळ्यात ज्याची धास्ती असते तोच हा लेप्टो. जखमेवर पट्टी लावा, दोर हाताळल्यावर जेवणाआधी हात धुवा. पाण्यात पडून नंतर ताप आला तर डॉक्टरांना कालव्याचं आवर्जून सांगा.

१२. अडलं तर

*पंख्यात काही अडकलं:* बोट थरथरते, धूर काळा होतो, वेग पडतो. आधी क्षणभर रिव्हर्स देऊन बघा. नाही सुटलं तर बोट बांधा, इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात घाला. मग वीड हॅच उघडून हात खाली. प्लास्टिकच्या पिशव्या, कपडे, दोर, कधी तार. पावाची दातेरी सुरी कामी येते. झाकण परत घट्ट आवळा, सुरू करून पाणी येतंय का बघा. सैल राहिलेल्या झाकणातून पंखा पाणी आत उडवतो आणि बोट बुडते.

*रुतली:* रेस देऊन पुढे काढू नका. ज्या वाटेने आलात त्याच वाटेने हळू मागे. माणसांना खोल पाण्याच्या बाजूला उभं करा, बांबूने तळ ढकला. बांबू छातीसमोर नव्हे, अंगाच्या बाजूला धरा.

*कोणी पडलं:* लगेच न्यूट्रल, इंजिन बंद, जीवरक्षक कडं फेका. रिव्हर्स कधीच नाही, पंखा माणसाला ओढून घेतो. कालवा मध्यभागीही सहसा चार-पाच फुटांचा असतो, "उभा राहा!" असं ओरडा. लॉक आणि नदी खोल असतात, म्हणून तिथे लहान मुलं आणि पोहता न येणारे कायम लाइफजॅकेटमध्ये.

मदतीसाठी ९९९ किंवा ११२. रस्त्याचं नाव नसतं, पण प्रत्येक पुलावर आकडा असतो. कालव्याचं नाव आणि मागच्या पुलाचा आकडा सांगा. चालवणाऱ्याने येता-जाता आकडे मोठ्याने वाचायची सवय ठेवली की सगळ्यांना ठाऊक राहतात.

१३. परत करताना

बोट बहुधा सकाळी नऊच्या सुमारास परत हवी असते. शेवटची रात्र कंपनीच्या तळापासून तासाभराच्या आत काढा, मध्ये एकही लॉक नसेल असं बघून. आदल्या संध्याकाळी कचरा, कॅसेट, शेगडीची राख उरका. राख धातूच्या बादलीत, पूर्ण थंड झाल्यावर. तुटलेलं कप-बशीसारखं काही असेल, विंडलास पाण्यात गेला असेल, तर आधीच सांगा. आणि बोट धक्क्याला स्वतः लावायच्या भरीला पडू नका. भोंगा देऊन बाहेर थांबा, तळावरचा माणूस चढून आत घेतो.